शस्त्रक्रिया न करता वजन उतरवणं: मधुमेह, बीपी, फॅटी लिव्हर, गुडघे (मापं, गोळ्यांची फेररचना आणि अडणाऱ्या जागा)

मोजपट्टी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "वजन कमी करा" एवढंच लिहिलेलं असतं. किती कमी करायचं, किती दिवसांत, आणि चालू गोळ्यांचं तोवर काय करायचं, हे बहुधा लिहिलेलं नसतं. हा धागा त्यासाठी. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

प्रत्येक आजाराला लागणारी घट वेगळी असते. रक्तदाब किलोमागे साधारण १ अंकाने उतरतो. पीसीओएसमध्ये (बायकांमधल्या हार्मोनच्या बिघाडात) पाळी मार्गी लागायला मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट पुरते. यकृतातली चरबी ५ टक्क्यांपासून उतरायला लागते, सूज निवायला ७ टक्क्यांच्या पुढे जावं लागतं आणि फायब्रोसिस (यकृतात तयार झालेले व्रण) मागे हटायचा तर १० टक्के तरी हवेत. गुडघ्यांचं गणित सगळ्यात दिलासा देणारं आहे. वजन १ किलोने घटलं की चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

टाइप २ मधुमेहाला मात्र मोठी घट लागते. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमध्ये झालेल्या डायरेक्ट चाचणीचे पहिले निकाल २०१७ मध्ये आले. मधुमेह ६ वर्षांच्या आतला, इन्सुलिन चालू नाही, अशा लोकांना ३ ते ५ महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरींचा द्रव आहार दिला आणि मग हळूहळू साध्या जेवणावर आणलं. वर्षाअखेरी ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४ टक्के. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के निघालं. "आटोक्यात" याचा अर्थ त्या चाचणीत औषधं बंद केल्यावर किमान २ महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.५ टक्क्यांच्या खाली; आताच्या व्याख्येत ३ महिने धरतात. याला कायमचं बरं होणं म्हणू नये. वजन परत आलं की साखरही परत येते.

रानजाई

हे आकडे जाड लोकांचे आहेत. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २४, हातपाय काटक, फक्त पोट सुटलेलं आणि तरी साखर २२० असे कितीतरी पेशंट असतात. त्यांनी कुठून १५ किलो काढायचे?

मोजपट्टी

@रानजाई, प्रश्न नेमका आहे आणि त्याचं उत्तर पुण्यातूनच आलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी.

कमर पँटच्या पट्ट्याजवळ मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोब्बर मधे, नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर, टेप न आवळता मोजायची.

बारीक माणसाला १५ किलो काढावे लागत नाहीत. डायरेक्टवाल्या डॉ. रॉय टेलर यांनीच २७ च्या आतल्या बीएमआयच्या २० मधुमेहींवर रीट्यून नावाचा अभ्यास केला. त्यात १४ जणांची साखर औषधांविना आटोक्यात आली. म्हणजे प्रश्न एकूण किलोंचा नाही, यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेल्या चरबीचा आहे. बीएमआय २४ असेल तर ५-६ किलोंचं लक्ष्य ठेवून सुरुवात करावी.

एक इशारा. काहीही न करता वजन झपाट्याने उतरतंय, तहान आणि लघवी वाढली आहे, साखर ३०० च्या वर आहे, तर हा धागा बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. तो टाइप १ किंवा स्वादुपिंडाचा आजार असू शकतो. सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते) आणि जीएडी अँटिबॉडी (टाइप १ ची खूण) तपासून घ्यावी लागते. तिथे आहार कमी करणं धोक्याचं आहे.

औषधपेटी

मला सगळ्यात काळजी वाटते ती गोळ्यांची. ताट अर्धं केलं आणि गोळ्या तेवढ्याच ठेवल्या, तर त्रास पहिल्या आठवड्यातच होतो. आहार सुरू करण्याआधी सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोणती कधी कमी करायची हे लिहून आणा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन: ही औषधं तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाहीत, साखर खाली ढकलतातच. कमी आहाराच्या पहिल्या दिवसापासून यांचा डोस बदलावा लागतो. इथे एक फसवी जागा आहे. बरेच जण "मला फक्त मेटफॉर्मिन आहे" असं सांगतात. पाकीट पाहिलं तर नावापुढे एम१ किंवा एम२ असतं. बहुतेक वेळा तो १ किंवा २ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनचा जोड असतो. नावावर जाऊ नका, मागच्या बाजूचे घटक वाचा.

साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, अचानक भूक, गोंधळल्यासारखं वाटलं, तर ३ चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, गरज पडली तर पुन्हा तेवढंच. अशा वेळी चॉकलेट किंवा पेढा उपयोगाचा नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: यांनी एकट्याने साखर फारशी खाली जात नाही, पण कर्बोदकं एकदम तोडली किंवा कडक उपास धरला तर किटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं, जिवावर बेतू शकतं) होऊ शकतो, तोही साखर २०० च्या आत असताना. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर "साखर तर बरी आहे" म्हणून घरी थांबू नका. हृदय किंवा किडनीसाठी ही गोळी दिली असेल तर परस्पर बंदही करू नका.

बीपी: नावापुढे एच असेल तर बहुधा लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असतं, एएम असेल तर अम्लोडिपिन. पहिल्या दोन आठवड्यांत शरीरातलं पाणी उतरतं आणि बीपी धाडकन पडू शकतं. बसून मोजा, मग उभं राहून १ ते ३ मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा जास्त पडला, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डोस कमी करायची वेळ झाली.

मेटफॉर्मिन सहसा चालू राहतं. ते वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ तपासा, विशेषतः शाकाहारी असाल तर. थायरॉईडची गोळी वजनाच्या मानाने ठरते, १० टक्के वजन उतरल्यावर टीएसएच पुन्हा बघा.

काठपदर

औषधपेटी यांच्या यादीत दोन गोष्टी घालते. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्यावा. रेटिनोपथी (मधुमेहाने पडद्याला झालेली इजा) असताना साखर फार भराभर खाली आणली तर ती काही काळ वाढू शकते. दुसरं, फॅटी लिव्हर असेल तर नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नका, फिब-४ (फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा) काढा. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). वय ५०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख असतील तर २००० भागिले १४०० म्हणजे १.४३. आकडा १.३ च्या वर आला की फायब्रोस्कॅनचं (यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीचं) विचारावं. पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात.

ताकपिठलं

आहाराबद्दल लिहिते. डायरेक्टसारख्या द्रव आहाराची शेक आणि सूपची पाकिटं आपल्याकडे महाग पडतात आणि घरात बाकीचे जेवत असताना एकट्याने तीन महिने पातळ पिणं अवघड जातं. ८०० कॅलरींचा आहार तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करूच नये. घरच्या जेवणावर १२०० ते १४०० कॅलरींत हळू पण नीट काम होतं.

आधी प्रथिनं ठरवा. लक्ष्य वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोवर यायचं असेल तर रोज ६५ ते ७८ ग्रॅम. (क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हे लागू नाही, किडनीच्या डॉक्टरांना विचारा.) आपल्या ताटात ही मोठी उणीव असते. वाटीभर पातळ वरणात जेमतेम २०-२५ ग्रॅम डाळ असते, म्हणजे ५ ग्रॅम प्रथिनं. लोक म्हणतात "रोज वरण खातो", पण ते पुरत नाही.

एक दिवस मांडून दाखवते. सगळी वजनं कच्च्या जिन्नसांची.

सकाळी ५० ग्रॅम मुगाची दोन धिरडी, १ चमचा तेल, १०० ग्रॅम दही. दुपारी ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम मटकीची उसळ, २०० ग्रॅम भाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, एक फुलपात्र पातळ ताक, मिळून २ चमचे तेल. संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे. रात्री ३० ग्रॅम तुरीचं घट्ट वरण, ८० ग्रॅम पनीर घालून भाजी, १ चमचा तेल, भात-पोळी नाही. दिवसभरात बिनसाखरेच्या चहाला १०० मिली दूध. हे सगळं साधारण १३०० कॅलरी आणि ६५ ग्रॅम प्रथिनं होतं. मासे खाणाऱ्यांनी पनीरऐवजी १०० ग्रॅम बांगडा घ्यावा, पण रवा लावून तळलेला नको, कालवण किंवा तव्यावर १ चमचा तेलात.

चमचा म्हणजे ५ मिलीचा. ही सूचना किरकोळ वाटते, पण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. ४ चमचे म्हणजे २० मिली, सुमारे १६५ कॅलरी. बुधलीतून अंदाजाने ओतलेली फोडणी सहज ३०-४० मिलीची होते. माणशी महिन्याला ६०० मिली तेल वेगळं काढून ठेवा. चौघांचं घर असेल तर महिन्याला सव्वादोन ते अडीच लिटर.

रानजाई

पोळी सोडून भाकरी धरली तर उतरतं ना वजन? सगळीकडे हेच सांगतात.

ताकपिठलं

भाकरी चांगलीच, पण मोजून. घडीच्या एका लहान पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. घरची ताटाएवढी भाकरी ७०-८० ग्रॅम पिठाची असते. म्हणजे दोन पोळ्या सोडून दोन भाकरी खाणारा माणूस अडीचपट पीठ खातो. पोळीला लावलेलं तेल वाचतं, पण तेवढ्याने भरून येत नाही. आठवडाभर पीठ वजनकाट्यावर मोजून घ्या, मग हाताला अंदाज बसतो.

उपासाचंही तसंच. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो, प्रथिनं नगण्य. १०० ग्रॅम साबुदाणा ३५० कॅलरी, वर ४० ग्रॅम दाण्याचं कूट २२५ आणि तूप. एक बशी खिचडी म्हणजे अर्ध्या दिवसाचा कोटा. एकादशीला वरई ४० ग्रॅम, दही आणि उकडलेलं रताळं लहानसं, इतकं धरलं तर उपासही होतो आणि आठवडाही बिघडत नाही.

पायवाट

दीक्षित सरांची दोन वेळा जेवायची पद्धत यापेक्षा सोपी नाही का? मोजमाप नाही, ५५ मिनिटांत जेवण, मधे काही नाही, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं.

ताकपिठलं

सोपी आहे आणि महाराष्ट्रात कित्येक लोकांनी चरणं बंद केलं ते त्यामुळेच. चहाबरोबरची बिस्किटं, शेव, संध्याकाळचा फरसाण हे सगळं एका नियमाने जातं. अडतं ते दोन ठिकाणी. एकेका जेवणात ३० ग्रॅमच्या वर प्रथिनं बसवावी लागतात, ती बहुतेक लोक बसवत नाहीत, भात-पोळी वाढवतात. आणि वजन थांबलं की मोजमाप नसल्याने कुठे काय वाढलं ते सापडत नाही. दोन जेवणं धरा, पण त्यातला एक आठवडा वजनकाट्यावर काढा.

औषधपेटी

दोन जेवणांबद्दल माझा मुद्दा पुन्हा तोच. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असताना १६-१७ तासांचं अंतर डोस न बदलता पाडायचं नाही. यावर तडजोड नाही.

पायवाट

मान्य. व्यायामाचं मी लिहितो, ते माझं क्षेत्र आहे.

८० किलोच्या माणसाने साडेचार किलोमीटर चालून सुमारे २५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावाने त्या परत येतात. म्हणून निव्वळ चालण्यावर १५ किलो उतरत नाहीत. ते काम ताटाचं. व्यायाम लागतो तो स्नायू टिकवायला आणि पुढे वजन परत येऊ नये म्हणून. उतरलेल्या वजनातला साधारण पाव भाग स्नायू आणि इतर ऊतींचा असतो. प्रथिनं कमी आणि ताकदीचा व्यायाम शून्य असेल तर हा वाटा वाढतो. साठीच्या पुढे याचा परिणाम जिना चढताना लगेच जाणवतो.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १० वेळा, रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून दोन्ही हातांनी मागे ओढणं १२ वेळा, टाचा उचलणं १५ वेळा. अशा तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज होत असेल तर खुर्ची बुटकी घ्या किंवा पाठीवरच्या पिशवीत २ किलो तांदूळ ठेवा.

गुडघे दुखत असतील तर पहिले सहा आठवडे चालणं तुकड्यांत: जेवणानंतर १०-१५ मिनिटं, तीनदा. याने जेवणानंतरची साखरही खाली राहते. पाय सरळ करून मांडीचा स्नायू आवळून ५ सेकंद धरणं, १५ वेळा, दिवसातून दोनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी असेल तर चालू ठेवा. वाढलं असेल तर अंतर कमी करा, पण बंद करू नका.

काठपदर

झपाट्याने वजन उतरताना होणारे त्रास लोकांना आधी सांगायला हवेत, नाहीतर ते घाबरून सगळंच सोडतात.

केस: दोन-तीन महिन्यांनी भरपूर गळतात. मुळं शाबूत असतात, सहसा सहा महिन्यांत भरून येतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि प्रथिनं मात्र तपासा.

पित्तखडे: आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त उतरत असेल किंवा जेवण अगदी तेलाविना असेल, तर पित्ताशय रिकामं होत नाही आणि खडे होतात. म्हणून एका जेवणात निदान २ चमचे तेल असू द्या. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ, ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाणारी, आली तर सोनोग्राफी.

यूरिक अ‍ॅसिड: सुरुवातीला ते वाढतं. आधी गाउट (यूरिकमुळे सांधे सुजणं) झालेला असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवा, पाणी अडीच लिटरपर्यंत न्या. हार्ट फेल्युअर किंवा किडनीमुळे पाण्यावर बंधन असेल तर अर्थातच नाही.

मोजपट्टी

वजन थांबण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात २-३ किलो जातात, त्यातलं बरंचसं पाणी असतं. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या साखरेबरोबर) सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पुढचे आठवडे अर्धा-पाऊण किलोचे असतात आणि लोकांना वाटतं आहार लागू पडेनासा झाला. रोज सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडा. सलग तीन आठवडे सरासरी हलली नाही तरच ते थांबलं म्हणायचं.

तेव्हा शोधायचं कुठे? बहुतेक वेळा शनिवार-रविवारी. सोमवार ते शुक्रवार रोज ५०० वाचवले की २५०० झाले. सुट्टीच्या दोन दिवसांत रोज १२५० जास्त गेले की हिशेब शून्य. बाहेरची थाळी, एक मिसळ, संध्याकाळचा चहा-भजी, एवढ्यात ते सहज होतं. दुसरी जागा तेल. तिसरी, "थोडंसं" चाखलेलं दाण्याचं कूट, खोबरं, मुलांच्या ताटातलं उरलेलं. हे सगळं तपासूनही काही सापडलं नाही, तर शरीराचा खर्चच कमी झालेला असतो. प्रत्येक उतरलेल्या किलोमागे रोजचा खर्च २०-३० कॅलरींनी घटतो, आणि भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. याला मनाचा दुबळेपणा म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे. त्याचं शरीर खरोखर जास्त मागत असतं.

रानजाई

मग सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं याच भुकेवर काम करतात का?

औषधपेटी

हो. चाचण्यांत सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपाटाइडच्या सर्वात मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरलं. हे आकडे मधुमेह नसलेल्यांचे आहेत, मधुमेहींमध्ये घट कमी दिसते.

आठवड्यातून एक इंजेक्शन. सेमाग्लुटाइड ०.२५, टिर्झेपाटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि किमान चार आठवडे तिथेच थांबायचं. घाईने डोस वाढवला की मळमळ आणि उलट्या. जेवण लहान ठेवा, तळलेलं टाळा, पोट भरल्यासारखं वाटताच थांबा. स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर झालेला असेल तर घेऊ नये. स्वादुपिंडाला आधी सूज येऊन गेली असेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगा. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद. न उघडलेलं पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण दारातही नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. गोठलेलं पेन फेकून द्यावं लागतं.

सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, हेही चाचणीतच दिसलं आहे. म्हणून "तीन महिन्यांचा कोर्स" म्हणून कुणी देत असेल तर पुढचं नियोजन विचारा. आणि ताकपिठलं यांचा प्रथिनांचा हिशेब इथे दुप्पट महत्त्वाचा, कारण भूक नसली की माणूस चहा-टोस्टवर दिवस काढतो.

मोजपट्टी

टिकवण्याचं आता. डायरेक्टमध्ये दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले, आणि पुढेही घसरण होत गेली. टिकले ते बहुतांशी वजन टिकवणारेच. त्या चाचणीतला एक नियम घरी उचलण्यासारखा आहे: वजन २ किलोंनी वाढलं की २ ते ४ आठवडे पुन्हा कमी आहारावर यायचं. ५ किलो वाढायची वाट बघायची नाही. हा आकडा काट्याशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. दिवाळी आणि लग्नसराई यांच्यानंतरचे दोन आठवडे आधीच कॅलेंडरवर राखून ठेवता येतात.

एचबीए१सी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा तरी, आयुष्यभर. साखर नॉर्मल झाली तरी डोळे, पाय आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षाला तपासायचंच.

पायवाट

सीपॅप मशीनबद्दल (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कने हवा देणाऱ्या) राहिलं. १० टक्के वजन उतरल्यावर श्वास अडण्याचं प्रमाण साधारण पाव भागाने कमी होतं. घोरणं थांबलं म्हणून मशीन कपाटात ठेवणारे बरेच असतात. पुन्हा स्लीप स्टडी होईपर्यंत ते वापरायचं. मास्क मात्र बदलावा लागेल, चेहरा बारीक झाला की कडेने हवा गळते.

रानजाई

फिब-४ चं गणित करून पाहिलं, ते जमतंय. ताकपिठलं, शाकाहारी आणि पनीर न पचणाऱ्यांसाठी रात्रीचा पर्याय द्याल का?

ताकपिठलं

पनीरच्या जागी ३० ग्रॅम सोया वडी, कोरडी मोजून, गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळलेली. १५ ग्रॅम प्रथिनं आणि पनीरच्या निम्म्या कॅलरी. वाटणात खोबरं १० ग्रॅमच्या वर नको. पोट फुगत असेल तर पहिला आठवडा १५ ग्रॅमने सुरू करा.